घुमटाखालचे साठ मीटर

शहराला घुमट हवा होता. कशाला हवा होता असं विचारू नका. शेजारच्या शहरानं बांधला होता, एवढं कारण पुरेसं नाही का? तर घुमट झाला. चोवीस लोखंडी फासळ्या, त्यांवर ताणलेलं पांढरंशुभ्र कापड, आत चार हजार खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रुळांवरून पुढेमागे सरकणाऱ्या, आणि दारावर पितळी अक्षरांत ‘बहुउद्देशीय क्रीडा संकुल’. एकही उद्देश धड पार पडत नसला की त्या इमारतीला बहुउद्देशीय म्हणायचं, हे आपल्याला आता पाठ झालंय. एक ना धड, भाराभर चिंध्या. उद्घाटनाआधी चाचण्या घेतल्या, तर बॅडमिंटनचं फूल एसीच्या झोतानं मारणाऱ्याकडेच परत येई. पांढऱ्या छताखाली पांढरा व्हॉलीबॉल वर गेला की खेळाडू देवाचं नाव घेऊन डोकं झाकत. गाण्याची चाचणी घेतली तेव्हा गायकाचा एकेक सूर तीनदा ऐकू आला. म्हणजे तिकिटाच्या मानानं कार्यक्रम स्वस्तच पडला म्हणायचा.

या सगळ्या थाटामाटात जमिनीकडे बघणारा माणूस एकच होता. त्याला सगळे रेघमास्तर म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते तिथंच असे. चौतीस वर्षं हा माणूस मैदानांवर रेघा मारत आला होता. उघड्या मैदानांवर चुन्याच्या, आणि आता इथं रबरी तळावर रंगाच्या. घुमटाखाली सात खेळांच्या रेघा सात रंगांत एकमेकींच्या अंगावरून जात. नवख्या माणसाला ते पाहून भोवळ यायची. मास्तर त्यातून डोळे मिटून चालत. त्यांच्याजवळ पोलादी टेप, रंगात बुडवलेलं सूत, चार रोलर आणि एक जाड वही एवढी सामग्री होती. सूत ताणायचं, मधोमध चिमटीत धरून उचलायचं, सोडायचं. जमिनीवर फट्‌कन रेघ उमटायची. मग वहीत अंतर लिहायचं, ‘मोजून बरोबर’ असं लिहून खाली सही करायची. ती सही म्हणजे त्यांची अब्रू. चौतीस वर्षांत एका बोटाचीही चूक नाही.

घरी या अचूकपणाचा जाच होता. चपला भिंतीला समांतर हव्यात, टेबलावरचा टेबलक्लॉथ चारी बाजूंनी सारखा लोंबायला हवा. मास्तरांची बायको लॉण्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. ती शेजारणींना सांगायची, “माझ्याशी लग्न केलं तेसुद्धा मी काटकोनात बसते म्हणून. नाहीतर मला कोण विचारत होतं!”

आणि त्यांना एक मुलगी होती. एकच होती, तरी तिला घरात धाकटी म्हणत; का, ते कुणालाच आठवत नव्हतं. धाकटी एकोणीस वर्षांची. ती पळायची. साठ मीटर, छताखालची शर्यत. बापानं मारलेल्या रेघांमधून लहानपणापासून पळत आली होती. हॉलमधली तिची सर्वांत चांगली वेळ होती सात पॉइंट त्र्याण्णव सेकंद. वर्षाच्या शेवटी वेळेच्या क्रमानं देशातल्या पहिल्या सहा मुलींना मोठ्या शिबिरात घ्यायचे, आणि त्या सहांत यायचं एवढंच तिचं स्वप्न होतं. मास्तरांचंही तेच, फक्त ते बोलून दाखवत नसत.

आता या घुमटाच्या कर्त्याकडे वळू. आर्किटेक्टसाहेब पन्नाशीचे, काळे कपडे घालणारे आणि वाक्य अर्धं सोडून वर बघणारे. त्यांचं मॉडेल दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. त्यात करंगळीएवढी माणसं होती, आणि त्यातलं एकही माणूस धावत नव्हतं. सगळी उभं राहून वर बघत होती. पहिल्या नकाशात फासळ्यांचे पाय भिंतीच्या बाहेर उतरत होते. बांधकाम निम्म्यावर आल्यावर साहेबांना साक्षात्कार झाला की फासळ्या आतून दिसायला हव्यात. “बांधकामानं लपून राहू नये,” ते म्हणाले. “इमारत प्रामाणिक असली पाहिजे.” झालं! चोवीस लोखंडी पाय प्रामाणिकपणे आत आले आणि मैदान दोन्ही बाजूंनी आक्रसलं. शर्यतीची पट्टी एका पायापासून समोरच्या पायापर्यंत जेमतेम सदुसष्ट मीटर उरली.

हिशेब साधा आहे. शर्यत साठ मीटरची. आरंभाच्या रेघेमागे ठोकळे आणि पिस्तूलवाला यांना तीन मीटर. उरले किती? चार. म्हणजे पोरीनं जिवाच्या आकांतानं साठ मीटर पळायचं आणि पुढच्या चार मीटरांत थांबायचं, नाहीतर माणसाच्या कमरेएवढी जाड लोखंडी फासळी प्रामाणिकपणे उभी आहेच. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, इथं पोरींची धाव फासळीपर्यंत.

मास्तरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. संकुलाचे व्यवस्थापक भले गृहस्थ. कुणाचंही म्हणणं पूर्ण ऐकून घेत आणि काहीही करत नसत. त्यांनी ते आर्किटेक्टसाहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, खेळाडूंनी वेगावर ताबा ठेवायला शिकावं. मग मास्तर म्हणाले, निदान फासळीला जाड गादी तरी बांधा. साहेब दुखावले. “गादी लावली तर फासळी दिसणार कशी?”

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी सराव झाला. आठ मुली पळाल्या. पाचव्या पट्टीतली एक उंच मुलगी थांबता थांबेना. खांदा फासळीवर आदळला आणि ती तिथंच बसली. हाड मोडलं नाही, नशीब. पण तिच्या दोन पट्ट्या पलीकडे धाकटी होती, आणि मास्तरांच्या हातातला रोलर खाली पडला होता. ते तडक व्यवस्थापकांच्या खोलीत गेले.

“साहेब, उद्या एखादी पोर मरेल.”

“अहो, अभद्र काय बोलता!”

“अभद्र मी बोलतोय, तुम्ही बांधलंय. मला अंतिम रेघ आत घेऊ द्या. दीड मीटर. त्याहून जास्त जमत नाही, खुर्च्यांचा रूळ मध्ये येतो, वेळ टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा खांब तिथं बसत नाही. पण दीड मीटर तरी मिळतील त्यांना थांबायला.”

व्यवस्थापकांनी टेबलावरची पेन्सिल आधी डावीकडे ठेवली, मग उजवीकडे. “घ्या आत. उद्याची शर्यत नुसती प्रदर्शनाची आहे, फीत कापायच्या आधीची गंमत. कुणाचं काय बिघडतंय? फक्त कागदावर साठच राहू द्या. उद्या पाहुण्यांसमोर अठ्ठावन्न आणि अर्धा असलं काही वाचायची वेळ नको.”

मास्तर थबकले. खोटं अंतर त्यांनी आजवर कधी लिहिलं नव्हतं. पण डोळ्यांसमोर तो आदळलेला खांदा होता. त्यांनी सूत ताणलं, दीड मीटर आत रेघ मारली, जुनी रेघ पुसली, कॅमेऱ्याचा खांब सरकवला. आणि वहीत लिहिलं, ‘साठ मीटर. मोजून बरोबर.’ सही केली. गंमतच आहे ना? त्या इमारतीत तोवर झालेली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट तीच होती, आणि ती खोटी होती.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. इतके मोठे की त्यांच्या गाडीसाठी दार रुंद करावं लागलं. पाहुण्यांनी वर बघितलं, सगळ्यांनी वर बघितलं. मग पाहुणे बोलायला उभे राहिले आणि त्यांचं प्रत्येक वाक्य घुमटानं तीनदा म्हटलं, त्यामुळे टाळ्याही तिप्पट झाल्या. त्या टाळ्यांनी त्यांना उचंबळून आलं. भाषणाच्या कागदात नव्हतं ते त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मी आजच जाहीर करतो, या ऐतिहासिक वास्तूतली ही पहिली शर्यत शिबिराच्या निवडीसाठी धरली जाईल!” धरली जाईल, जाईल, जाईल, असं घुमट म्हणाला. क्रीडा महासंघाचे पदाधिकारी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोठ्या माणसाला नाही म्हणायची प्रथा आपल्याकडे नसल्यानं टाळ्या वाजवल्या.

मास्तर कडेला रोलर घेऊन उभे होते. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि ती तर त्यांनी स्वतःच सरकवली होती. ते लगबगीनं व्यवस्थापकांकडे गेले. “साहेब, थांबवा. रेघ…”

“आत्ता?” व्यवस्थापकांचा चेहरा चुन्यासारखा झाला. “पाहुण्यांना थांबवू? मास्तर, तुमच्या पाया पडतो, गप्प बसा.”

तेवढ्यात पिस्तूल वाजलं.

आठही मुली पळाल्या आणि आठही मुलींनी आपापला विक्रम मोडला. आठवी आलेलीनंसुद्धा! फलकावर आकडे उमटले आणि घुमटात गदारोळ झाला. धाकटी पहिली, सात पॉइंट एकाहत्तर. ती दोन्ही हात डोक्यावर धरून फलकाकडे बघत राहिली. मग गर्दीत बापाला शोधून तिनं हात हलवला. मास्तरांनीही हलवला. दुसरं काय करणार होते?

एका शर्यतीत आठजणी आपल्या आयुष्यातलं सर्वांत वेगवान पळाल्या, तर शहाण्या माणसाला काय वाटावं? टेप आणा, असं वाटावं. पण टेप आणायला वाकावं लागतं, आणि तिथं सगळे वर बघत होते. आर्किटेक्टसाहेबांनी तिथल्या तिथं वार्ताहरांना सांगितलं, की हा घुमटाच्या वक्राकाराचा परिणाम. इथं हवा स्थिर राहते, ध्वनी पाठीमागून ढकलतो, धावपटूला प्रकाशाचा आधार मिळतो. “मी वेगाची वास्तू बांधली,” ते म्हणाले आणि वाक्य अर्धं सोडून वर बघायला लागले. दुसऱ्या दिवशी हे सगळं छापून आलं. आठवड्याभरात दोन शहरांची मंडळी असाच घुमट आपल्याकडे हवा म्हणून पाहणीला येणार, असं ठरलंसुद्धा.

मास्तरांनी त्या आठवड्यात तीनदा व्यवस्थापकांचं दार ठोठावलं. पहिल्यांदा व्यवस्थापक म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्यांदा म्हणाले, मुलगी तुमचीच आहे ना, मग तुम्हाला कसला त्रास? तिसऱ्यांदा त्यांनी वही समोर ठेवली, सहीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, “इथं साठ लिहिलंय. मी लिहिलेलं नाही.”

मास्तरांना जेवण जाईना. सांगावं तर पोरीचं स्वप्न आपल्याच हातानं मोडायचं, न सांगावं तर आपल्या सहीकडे बघवत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बायकोनं दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का? त्यांनी हो म्हटलं आणि दोन दिवस काढा पिऊन घेतला. शिक्षा म्हणून ती बरीच होती.

मग शिबिराची यादी आली. संध्याकाळी चहाच्या वेळी धाकटी कागद नाचवत स्वयंपाकघरात आली. सहा नावं, त्यात तिचं. आईनं इस्त्री करून दमलेले हात तिच्या गालांवरून फिरवले आणि डोळे पुसले. मास्तर म्हणाले, “छान.” एवढंच म्हणाले.

धाकटी कागद वाचत होती. “सातवी कोण आहे माहितीये, बाबा? मागच्या वर्षीची पहिली. सात पॉइंट ऐंशी आहे तिचं, तिच्या गावातल्या साध्या हॉलमध्ये. राखीव म्हणून गेली बिचारी. मी तिला आजवर एकदाही हरवलेलं नाही. सराव शर्यतीतसुद्धा नाही.” ती हसली. “तिला वाटत असेल, ही पोर कुठून उगवली!”

मास्तरांनी कप खाली ठेवला. टेबलाच्या कडेला समांतर ठेवला, सवयीनं.

“धाकटे, ती रेघ दीड मीटर आत होती.”

तिला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. फासळी, आदळलेला खांदा, पेन्सिल इकडेतिकडे करणारे साहेब, पाहुण्यांना आलेला उमाळा, आणि वहीतली सही. बोलताना ते टेबलाकडे बघत होते. बायको मध्येच म्हणाली, “अहो, काय बोलताय!”

“किती होतात?” धाकटीनं विचारलं. “दीड मीटरचे?”

“सतरा-अठरा शतांश.”

तिनं मनात बेरीज केली. ती बेरीज तिच्या चेहऱ्यावर दिसली. “सात एकोणनव्वद.”

“तरी तुझं आजवरचं सगळ्यात चांगलंच आहे ते. त्र्याण्णववरून…”

“बाबा!” ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. “मी शंभर वेळा तो आकडा मनात म्हटला! झोपताना म्हटला! तुम्ही मला हात हलवलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं!”

“माहीत होतं.”

“मग का नाही बोललात?”

मास्तरांनी टेबलक्लॉथची कड सरळ केली. “तू हसत होतीस,” ते म्हणाले. “मला धीर झाला नाही.”

धाकटी उठून आतल्या खोलीत गेली. दार आपटलं. बायको बराच वेळ टेबलावरचे कप गोळा करत राहिली, होते तीनच. मग म्हणाली, “चौतीस वर्षांत एकदा वाकडी रेघ मारली, ती नेमकी लेकीच्या पायाखाली. धन्य आहे तुमची!” आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. राग आणि माया एकाच हातानं करायची तिची पद्धत होती.

सकाळी मास्तर निघाले तेव्हा धाकटी दारात बूट घालून तयार होती. डोळे सुजलेले. रस्ताभर ती त्यांच्या दोन पावलं पुढे चालली. घुमटात शिरल्यावर म्हणाली, “टेप कुठे आहे?”

नशीब बघा, पाहणीला येणारी परगावची मंडळी नेमकी त्याच सकाळी आली होती. दहाबारा माणसं, गळ्यात ओळखपत्रं, माना वर. आर्किटेक्टसाहेब त्यांना वेगाची वास्तू समजावून सांगत होते आणि व्यवस्थापक बाजूला उभे राहून सगळ्याला मान डोलावत होते. धाकटी त्यांच्यामधून सरळ चालत गेली, आरंभाच्या रेघेवर गुडघे टेकून बसली आणि टेपचं शून्य रेघेच्या कडेवर दाबून धरलं.

“ओढा, बाबा.”

मास्तर पट्टीतून मागे मागे चालत गेले. पोलादी टेप जमिनीवर सरसरत उलगडली. पाहुण्यांपैकी दोघांनी माना खाली केल्या. मग चौघांनी. त्या घुमटाखाली इतकी माणसं जमिनीकडे बघत असल्याची ती पहिलीच वेळ. मास्तर अंतिम रेघेशी वाकले, टेप ताणली आणि आकडा मोठ्यानं वाचला. “अठ्ठावन्न मीटर, पन्नास सेंटिमीटर.” घुमटानं तो तीनदा म्हटला. एरवी नकोसा वाटणारा तो घुमारा त्या दिवशी कामाला आला म्हणायचं.

आर्किटेक्टसाहेब आधी सावरले. “टेप उन्हानं ताणली असेल.”

“ऊन कुठलं साहेब,” मास्तर म्हणाले. “वर घुमट आहे.”

परगावचा एक म्हातारा इंजिनियर फिसकन हसला. मग तो चालत फासळीपाशी गेला, रेघेपासून फासळीपर्यंत पावलं मोजली, परत आला आणि त्यानं साहेबांना अगदी आदरानं विचारलं, “मुलींनी थांबायचं कुठं?” साहेबांनी वर बघितलं. वर उत्तर लिहिलेलं नव्हतं.

पुढचं मग भराभर झालं. असल्या ठिकाणी चूक सापडायला वर्षं लागतात, पण दोषी माणूस एका दुपारीत सापडतो. वहीत सही कुणाची? मास्तरांची. व्यवस्थापकांनी कानांवर हात ठेवले; असं काही आपल्यापर्यंत आलंच नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं असताना मास्तरांना घरी बसायला सांगण्यात आलं. आर्किटेक्टसाहेबांना समितीवर नेमण्यात आलं, ही चूक कशी झाली याचा शोध घ्यायला. महासंघानं जुनी शर्यत रद्द केली आणि नवी ठेवली. त्याच आठ मुली, तोच घुमट, पूर्ण साठ मीटर. सहाव्या जागेसाठी सात पॉइंट ऐंशीच्या आत यायला हवं. नाहीतर ती जागा त्या सातव्या मुलीची. फासळीला आता हातभर जाड गादी बांधली गेली. ती बघताना आर्किटेक्टसाहेबांना खरोखर वेदना झाल्या म्हणतात.

नवी अंतिम रेघ मारायला माणूस मिळेना. मग मास्तरांनाच बोलावलं, शेवटचं काम म्हणून. त्यांनी चार वेळा मोजलं. सूत ताणलं, सोडलं, फट्‌कन आवाज झाला. या वेळी वहीत सही करायला दुसरा माणूस होता. त्यानं न मोजताच केली.

शर्यतीच्या वेळी मास्तरांना आत असायचं काही कारण नव्हतं. कुणीतरी त्यांना हटकलंही, पण कामावरून काढलेल्या माणसाला आणखी कशावरून काढायचं, ते कुणाला सुचेना. ते धाकटीच्या पट्टीच्या शेवटी, गादीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. पाय फाकून, हात पसरून. गादीवर त्यांचा विश्वास नव्हता.

समोर, साठ मीटरवर, धाकटी ठोकळ्यांत वाकली होती. घरातून निघाल्यापासून ती त्यांच्याशी दोनच वाक्यं बोलली होती. ‘पाणी घेतलंय’ आणि ‘चला’. तिनं मान वर केली. तिला ते दिसले असणार.

पिस्तूल वाजलं.

मास्तरांनी आयुष्यभर शर्यती कडेनं पाहिल्या होत्या, समोरून कधीच नाही. समोरून पळणारं माणूस मोठं होत जातं, एवढंच दिसतं. मोठं, आणखी मोठं, दात घट्ट आवळलेले, मुठी, गुडघे, आणि मग ती रेघेवरून गेली आणि थांबायला खरंच जागा नव्हती, ती सगळ्या वेगानिशी येऊन त्यांच्या छातीवर आदळली आणि दोघं मागच्या गादीवर कोसळली.

मास्तरांचा श्वास क्षणभर अडकला. छातीत कळ आली. धाकटीचं तोंड त्यांच्या खांद्यात होतं आणि फलक तिच्या पाठीमागे, त्यांच्या डोळ्यांसमोर.

“किती?” ती धापा टाकत म्हणाली. “बाबा, किती?”

आकडे उमटले. मास्तरांनी ते वाचले. एक क्षण, फक्त एकच, त्यांना वाटलं की सांगू नये. तिला अजून थोडा वेळ असंच धापा टाकू द्यावं.

“सात पॉइंट त्र्याऐंशी,” ते म्हणाले.

तिचं अंग एकदम सैल पडलं. तीन शतांश. पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, कुणीतरी पहिली आलेल्या मुलीचा फोटो काढत होतं. पहिली धाकटीच होती, पण ते तिला माहीत नव्हतं.

“साठ होते?” तिनं विचारलं.

“साठ. चारदा मोजले.”

“मग ती माझी वेळ आहे,” ती म्हणाली. आणि तिथंच, त्यांचा शर्ट मुठीत धरून, ती हमसून हमसून रडायला लागली. मास्तरही रडले. कार्यकर्ते येऊन म्हणाले, पुढच्या शर्यतीसाठी जागा मोकळी करा. मास्तर उठले नाहीत.